पायाखालचा पाट

दापोड्याहून आम्ही बोलतोय.

आमच्या गटाचं मिरची कांडपाचं मशीन तुमच्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं असेल. पत्र्याची शेड, कोपऱ्यात मशीन आणि मशीनसमोर जमिनीवर एक लाकडी पाट. नवीन आलेली बाई हमखास विचारायची, हा पाट कशाला? आम्ही सांगायचो, त्याच्यावर उभी राहा, नाहीतर झिणझिण्या येतात.

हे सांगताना आम्हाला काहीच वाटत नव्हतं. चूल धूर करते, मिरची ठसका देते, तसं मशीन झिणझिण्या देतं, असंच आम्ही धरून चाललो होतो. पाट काही आपोआप तिथे आला नव्हता. एका पावसाळ्यात पेटीतला सुरक्षेचा स्विच सारखा खाली पडायला लागला. मशीन लावलं की खट्, सगळं बंद. ओळखीच्या एकाला बोलावलं. त्याने पाच मिनिटांत एक हिरवी वायर तोडून बाजूला केली, आणि मशीन सुरू झालं. आम्ही त्याला चहा पाजला, पैसे दिले, वर आभारही मानले. झिणझिण्या त्यानंतर सुरू झाल्या. आणि कित्येक महिने आम्ही, शिकलेल्यासवरलेल्या, हिशेबाची वही चोख ठेवणाऱ्या बाया, पाटावर उभं राहून मिरची कांडत राहिलो.

त्या पाटाचा उलगडा कसा झाला, ते शेवटी सांगतो. आधी एक प्रश्न. ज्या मशीनसमोर बाई दिवसभर उभी असते, ते मशीन उघडून बघायला तिला कुणी शिकवलं का नाही? आणि पुरुषांना तरी ते कुणी, कधी, कसं शिकवलं? हा शोध आम्ही घेतला. त्यासाठी थोडं मागे जायला लागतं.

आपल्या मुंबईत विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ साली, क्रॉफर्ड मार्केटात. पण दिवा लागणं वेगळं आणि विजेवर कारखाना चालणं वेगळं. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटावरच्या तळ्यांचं पाणी नळांतून खाली आणायचं, त्यावर चाकं फिरवायची आणि तयार झालेली वीज तारांनी मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. तोवर गिरणी वाफेवर चालायची. एक मोठं इंजिन, त्याला जोडलेला लांब दांडा, दांड्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा. आता तिथे विजेची मोटार आली. १९२५ च्या ३ फेब्रुवारीला बोरीबंदर ते कुर्ला पहिली विजेची गाडी धावली. १९२९ मध्ये इथे खाडीपलीकडे, ठाकुर्लीला, रेल्वेचं चोळा पॉवर हाऊस उभं राहिलं. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून त्याला 'चोळा' म्हणतात.

एवढी यंत्रं आली. बिघडली तर दुरुस्त कोण करणार?

बरेच दिवस उत्तर एकच होतं. उस्ताद. जो आधीपासून इंजिनाजवळ होता, तोच मोटारीजवळ गेला. त्याच्या हाताखाली एक पोरगा. पोरगा आधी हत्यारं उचलून द्यायचा, मग दिवा धरायचा, मग वर्षा-दोन वर्षांनी पक्कड हातात मिळायची. उस्तादाला विद्या होती यात शंका नाही. मोटारीचा आवाज ऐकून तो सांगायचा की बेअरिंग गेलंय, वास घेऊन सांगायचा की वाइंडिंग जळतंय. पण त्या विद्येत खोटही होती. वायरीत वीज आहे का हे हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघायचं, असं कित्येक उस्तादांनी शिकवलं. कारण सांगायचे की तळव्याने धरली तर विजेच्या झटक्याने मूठ आवळते आणि सुटत नाही. मूठ आवळते हे खरंच आहे. पण म्हणून उलट्या हाताने विजेला शिवायचं, हे शहाणपण नव्हे. टेस्टर न घेता काम करायची सवय त्यातूनच पडली. आणखी एक. उस्ताद आपल्या पोराला, भाच्याला, गावच्या मुलाला शिकवायचा. त्याच्या हाताखाली मुलगी कधीच नव्हती.

शाळा नव्हत्या असं नाही. १८८७ साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, आज आपण व्हीजेटीआय म्हणतो ती. १८९० मध्ये बडोद्यात सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. तिथली मोठी गोष्ट म्हणजे धंद्याचं शिक्षण मुलांच्या मातृभाषेतून द्यायचं, हा आग्रह. हे ऐकून आम्ही थांबलोच. आज आमच्या पोरींना 'ओव्हरलोड रिले' हा शब्द येतो, पण तो काय करतो हे मराठीत सांगा म्हटलं की गप्प होतात. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी एका राजाला जे कळलं होतं, ते अजून पुष्कळ ठिकाणी कळायचं आहे.

व्हीजेटीआयमध्येच लक्ष्मणराव किर्लोस्कर यंत्रांचं रेखाटन शिकवायचे. ते मुंबईत आले होते चित्रकला शिकायला, पण रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, म्हणून यंत्रांच्या चित्रांकडे वळले. यंत्रं उघडून, खोलून, परत जोडून ते शिकले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. तिथे खेड्यातली शेतकऱ्यांची माणसं लेथवर आणि भट्टीवर काम करता करताच कारागीर झाली. जाता जाता सांगतो, 'स्त्री' हे मासिक १९३० साली त्याच किर्लोस्करांनी सुरू केलं. म्हणजे एकाच घराण्याने नांगरही काढला आणि बायकांचं मासिकही. आमच्या मनात आपलं येतं, त्या मासिकाच्या वाचकांपैकी कुणी शेजारच्या कारखान्यात पाना हातात घेतला असेल का?

दुसरं महायुद्ध आलं आणि सगळं बदललं. दारूगोळ्याच्या कारखान्यांना, लष्कराच्या वर्कशॉपांना फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन हवे होते, आणि लगेच हवे होते. उस्तादाच्या हाताखाली पाच वर्षं काढायला वेळ कुठला. मग १९४० पासून सरकारने तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. ठरलेला अभ्यास, ठरलेले महिने, वर्कशॉपात हाताने काम आणि शेवटी परीक्षा. ही योजना श्रम खात्याची, आणि १९४२ ते १९४६ या काळात त्या खात्याचे मंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वीज हा विषयही त्याच खात्यात होता. देशात वीज कशी वाढवायची, ती स्वस्त कशी द्यायची, यावर बाबासाहेबांनी तेव्हा बैठका घेतल्या, केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभं केलं. संविधान सगळ्यांना माहीत आहे. विजेचं हे काम फारसं कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं.

युद्ध संपलं. सैन्यातून परतलेल्या जवानांना काम हवं होतं, त्यांच्यासाठी हीच केंद्रं वापरली. मग फाळणी झाली, निर्वासित आले. आपल्या शेजारी कल्याण कॅम्पात सिंधी कुटुंबं उतरली, तेच आजचं उल्हासनगर. निर्वासितांनाही धंद्याचं शिक्षण दिलं गेलं. आणि १९५० साली याच सगळ्यातून शिल्पकारागीर प्रशिक्षण योजना झाली, म्हणजे आपली आयटीआय. पुढे १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारीचा कायदा आला. कारखान्यांनी ठरावीक संख्येने शिकाऊ मुलं घ्यायची, त्यांना विद्यावेतन द्यायचं आणि यंत्रावर शिकवायचं. उस्तादाच्या हाताखालच्या पोराला पहिल्यांदा कागद मिळाला, हक्क मिळाला.

आयटीआयच्या वर्कशॉपात काय शिकवतात, ते आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीकडून ऐकलं. ती इलेक्ट्रिशियनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिले काही आठवडे नुसते जोड मारायचे. तारेला तार कशी जोडायची, याचेच किती प्रकार! एकाचं नाव 'ब्रिटानिया जॉइंट', दुसऱ्याचं 'मॅरिड जॉइंट'. दोन्ही केबलींचे पीळ सोडून एकेक तार एकमेकींत गुंफायची आणि घट्ट आवळायची, तो मॅरिड जॉइंट. हे ऐकून आमच्या एक आजी म्हणाल्या, "असा जोड आमचा नाय लागला गो बाय!" बैठकीत दहा मिनिटं हशा. मग लाकडी बोर्डावर दिव्यांची जोडणी, मग अर्थिंग, मग मोटार सुरू करायचा स्टार्टर खोलून परत जोडणं. मास्तर मुद्दाम एक वायर सैल करून ठेवतात आणि सांगतात, बिघाड शोध. पुस्तकात हे मिळत नाही. सैल स्क्रूची वायर बाहेरून घट्टच दिसते. ती हाताने हलवून बघावी लागते, आणि हलवण्याआधी वीज बंद केलीय ना हे तपासावं लागतं.

तीन फेजच्या मोटारीची एक गोष्ट तिने सांगितली, ती भिवंडीच्या प्रत्येक यंत्रमागवाल्याच्या घरात माहीत आहे. तीनपैकी एक फेज गेला तरी चालू मोटार लगेच थांबत नाही. ती गुरगुरत, उरलेल्या दोन फेजांवर जास्त करंट ओढत फिरत राहते आणि तापून जळते. नवख्याला वाटतं, चालतंय की. शिकलेला कान आवाजावरून धावत येऊन बंद करतो. नीट लावलेला ओव्हरलोड रिले तर कुणी धावायच्या आधीच बंद करतो.

आता आपल्या भिवंडीचं बघू. इथे हातमागाचे यंत्रमाग झाले. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला, आणि गिरण्यांचं कापड इथल्या मागांवर विणून घ्यायचं प्रमाण आणखी वाढलं. गिरणीत निदान देखभालीचं खातं असायचं. मोठा इलेक्ट्रिशियन, त्याच्या हाताखाली चार जण, शिकाऊ मुलं. यंत्रमागाच्या शेडमध्ये बारा नाहीतर चोवीस माग. तिथे कसलं खातं? जॉबर माग बघणार, वायरमन बाहेरून येणार, महिन्याच्या ठरावावर. म्हणजे शिकवण्याची व्यवस्था परत उस्ताद आणि पोऱ्या इथेच येऊन थांबली. आणि बाया? बाया घरात कांड्या भरत होत्या, छोट्या मोटारीवर. मोटार त्यांच्या मांडीजवळ, पण बिघडली की पुरुषाची वाट बघायची.

यात कायद्याचाही हात आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात लिहिलं होतं की शक्ती देणारं मुख्य यंत्र आणि त्याचे पट्टे-दांडे चालू असताना ते साफ करणं, त्याला तेल घालणं, त्याची जुळणी करणं, ही कामं कुठल्याही बाईला किंवा अल्पवयीन मुलाला देऊ नयेत. हेतू वाईट नव्हता. पदर पट्ट्यात अडकून जीव गेलेले असणार, म्हणूनच ते लिहिलं. पण आमचं म्हणणं असं की कायद्याने चालू यंत्रापासून दूर राहा म्हटलं, आणि लोकांनी त्याचा अर्थ बंद यंत्रापासूनही दूर राहा असा केला. पदराऐवजी कामाचा अंगरखा घाल, असंही कुणी म्हणू शकलं असतं.

त्याच काळात दक्षिणेत एक बाई होती, ए. ललिता. पंधराव्या वर्षी लग्न, अठराव्या वर्षी विधवा, पदरात चार महिन्यांची मुलगी. तिच्या वडिलांनी तिला मद्रासच्या गिंडी कॉलेजात घातलं आणि १९४३ मध्ये ती इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाली. पदवीच्या छापील कागदावर 'तो' असंच होतं, ते हाताने खोडून 'ती' लिहावं लागलं. पण आम्हाला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तिने बिहारात जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपात वर्षभर उमेदवारी केली, हाताने काम शिकली. पुढे भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांचं काम तिने केलं.

सरकारनेही पुढे बायकांसाठी वेगळी प्रशिक्षण योजना काढली, १९७७ मध्ये. मुंबईतही तिची एक संस्था झाली. चांगलंच झालं. पण वेगळी शाळा म्हटलं की शिवण, भरतकाम, केस कापणं, ऑफिसातलं टायपिंग, हेच आधी आठवतं. आमच्या गटानेही किती वर्षं तेच केलं. शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं की दहा मिनिटांत मंजूर. या मुलीच्या आईने आयटीआयचा खर्च, हत्यारांची पेटी आणि जाण्यायेण्यासाठी कर्ज मागितलं, तेव्हा दोन बैठका गेल्या. कुणी म्हणालं, खांबावर चढणार का? कुणी म्हणालं, लग्नाला अडचण येईल. एकीने सरळ विचारलं, पोरगी विजेने गेली तर हप्ता कोण भरणार? आम्ही समन्वयक म्हणून समोर बसलो होतो. खरं सांगायचं तर आमच्याही मनात तेच होतं. फक्त आम्ही बोललो नाही.

तिच्या आईने एवढंच म्हटलं, "गोडाऊनमध्ये मी अकरा तास मशीनच्या बाजूला उभी असते. मला वीज लागत नाही का?"

यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आमचं दापोडं तुम्हाला माहीत आहे. एके काळी भातशेती आणि खाडी. मुंबईच्या जकातीच्या बाहेर, पण मुंबईला लागून, म्हणून इथे गोदामं आली. अंजूर फाट्यापासून माणकोलीपर्यंत, राहनाळ, काल्हेर, पूर्णा, वळ, सगळीकडे गाळेच गाळे. २०१७ मध्ये जकात गेली, गोदामं राहिली, उलट वाढली. आधी नुसती हमाली होती. आता सरकते पट्टे, बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या, त्यांची चार्जिंगची जागा, मोटारीची शटरं, आगीचे पंप, जनरेटर. आग लागली की बातमीत एकच शब्द येतो, शॉर्ट सर्किट. पॅकिंगला बाया, लेबलं चिकटवायला बाया, झाडायला बाया. देखभालीच्या खोलीत आम्ही अजून एकही बाई पाहिलेली नाही. आणि तिथला पगार पॅकिंगपेक्षा जास्त, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कर्ज मंजूर झालं. एकमताने नाही, बहुमताने.

आता पाटाकडे येतो. दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी शेडमध्ये आली, पाट बघितला आणि विचारलं, हा इथे कशाला? आम्ही नेहमीचं उत्तर दिलं. ती दोन पावलं मागे सरली. म्हणाली, "मावशी, आधी मेन बंद करा. प्लग काढा. मग बोलू." तिने मीटर काढला, एक टोक मशीनच्या अंगाला, दुसरं प्लगच्या जाड पिनेला लावलं. मीटर वाजायला हवा होता, वाजला नाही. म्हणजे मशीनचं अंग जमिनीशी जोडलेलंच नव्हतं. ती हिरवी तोडलेली वायर म्हणजे अर्थिंग. तिने समजावलं ते असं. मोटारीच्या आतलं वेटोळं ओलीने खराब झालंय, वीज बाहेर झिरपून लोखंडी अंगावर येतेय. हिरवी वायर होती तोवर ती झिरपलेली वीज जमिनीत जायची, आणि पेटीतला सुरक्षेचा स्विच ते ओळखून खाली पडायचा. तो स्विच बिघडला नव्हता. तो आम्हाला ओरडून सांगत होता. आम्ही त्याचं तोंड बंद केलं, आणि हिरव्या वायरीच्या जागी आम्ही उभ्या राहिलो. लाकडाच्या पाटामुळे वाचलो. पाट ओला असता, किंवा पत्र्याच्या भिंतीला हात टेकला असता, तर?

कुणी काही बोललं नाही. मिरचीचा खकाणा होता, त्यात सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी, त्यामुळे कोण रडतंय ते कळलं नाही.

तिने स्वतः वायर जोडली नाही. म्हणाली, मला अजून परवाना नाही, हे काम परवाना असलेल्या वायरमननेच करायचं असतं. नियम जुना आहे, १९५६ च्या विजेच्या नियमांतही होता. त्याच नियमांत असंही होतं की शॉक लागलेल्या माणसावर काय उपचार करायचे याचा तक्ता स्थानिक भाषेत दिसेल असा लावायचा. तो तक्ता कारखान्यात पुष्कळ ठिकाणी दिसतो, धुळीने भरलेला. तिने तो आम्हाला वाचून दाखवला. आधी वीज बंद करा, माणसाला हात लावू नका. वीज बंद करता येत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर करा.

मग परवाना असलेले वायरमन आले. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती, मधेच प्रश्न विचारत होती, आणि ते काका न चिडता उत्तरं देत होते. हिरवी वायर जोडली. मशीन लावलं. खट्, स्विच खाली. आमच्यातली एक ओरडली, "बिघडवलंत ना परत!" मुलगी हसली. म्हणाली, "मावशी, आता बरोबर झालं."

मोटार वाइंडिंगला गेली, चार दिवस काम बंद राहिलं. ऐन मिरचीच्या दिवसांत नव्हतं, हे नशीब. परत आल्यावर स्विच खाली पडला नाही आणि झिणझिण्याही आल्या नाहीत. तरी पहिला आठवडा सगळ्या पाटावरच उभ्या राहत होत्या, सवयीने.

तुमच्यापैकी कुणाच्या मुलीला जायचं असेल तर इलेक्ट्रिशियनला दहावी लागते, वायरमनला आठवी चालते, दोन्हीला दोन वर्षं. अर्ज भरताना त्या वर्षाचं माहितीपत्रक नीट वाचा, नियम बदलतात. आणि घरी गेल्यावर गिरणीचा, मिक्सरचा, पंपाचा प्लग एकदा बघा. जाड पिन आहे का, आणि ती नुसती शोभेला तर नाही ना, हे जाणत्याकडून तपासून घ्या.

पाट आमच्या आजींनी घरी नेला. जेवायला बसायला बरा आहे म्हणाल्या.